बी६५० की बी८५०? रॅम महागलेली असताना मदरबोर्डवर किती पैसे घालायचे

परवा रात्री साडेअकराला मावसभावाचा व्हॉट्सॲप मेसेज आला. दोन स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ: "दादा, दोन्ही सेमच दिसतायत. मग हा चार हजारांनी महाग का?"

पठ्ठ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्षभर पैसे साठवून आणि घरच्यांना कसंबसं पटवून पहिला कम्प्युटर जुळवतोय. प्रोसेसर रायझन ५ ९६००एक्स ठरलाय, ग्राफिक्स कार्ड रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालं. अडलंय ते मदरबोर्डवर. एकाच कंपनीचे दोन बोर्ड, एकाच मालिकेतले. रंग तोच, हीटसिंक जवळपास तसाच, वाय-फाय दोन्हींना आहे. एकाच्या नावात बी६५०, दुसऱ्याच्या नावात बी८५०. किमतीत फरक ४,२०० रुपये.

तुमच्यापैकी अनेकांच्या कार्टमध्ये आत्ता हीच जोडी असणार. म्हणून त्याला रात्री जे उत्तर दिलं, तेच जरा नीट मांडून इथे देतोय.

हा प्रश्न आत्ताच एवढा महत्त्वाचा का झाला?

दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न कुणी विचारला असता तर सरळ म्हटलं असतं, "नवीन घे रे, चार हजारांनी काय होतंय." आता तसं म्हणता येत नाही. कारण रॅम.

२०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत डीडीआर५ रॅमचे भाव असे चढले की अनेक किट्स दुप्पट-तिप्पट झाले. कारण आपल्या गेमिंगमध्ये नाही, डेटा सेंटरमध्ये आहे. जगातली बहुतेक डीरॅम मेमरी तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या सर्व्हरला लागणारी एचबीएम आणि सर्व्हर रॅम यांना प्रचंड मागणी आहे आणि त्यात नफाही मोठा. कारखान्याची क्षमता तीच. मग ती जास्त पैसे देणाऱ्याकडे वळते आणि आपल्या वाट्याची रॅम आटते. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने तर जाहीरच केलं की सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा रॅम-एसएसडीचा धंदा ती बंद करतेय. आपल्याकडे कितीतरी लॅपटॉपमध्ये दुकानदाराने टाकून दिलेली रॅम क्रुशलचीच असायची.

दुसरीकडे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, म्हणून नवीन कम्प्युटर घेणारे वाढले. म्हणजे गरज वाढली आणि त्याच वेळी एक भाग अचानक महाग झाला.

अशा वेळी बजेट तेवढंच राहतं, फक्त त्याची वाटणी बदलते. मदरबोर्डवर घातलेले चार हजार म्हणजे रॅम, एसएसडी किंवा एसएमपीएसमधून कापलेले चार हजार. त्यामुळे "कोणता बोर्ड चांगला?" हा प्रश्नच थोडा चुकतोय. खरा प्रश्न असा: ४,२०० रुपये जास्त देऊन मला असं काय मिळतंय जे मी खरंच वापरणार आहे?

दोघांच्या पोटात एकच चिप

आधी सगळ्यात मोठी गोष्ट, जी बॉक्सवर कुठेच लिहिलेली नसते. बी६५० बाजारात आला ऑक्टोबर २०२२ मध्ये. बी८५० आला जानेवारी २०२५ मध्ये. मधला ७०० चा आकडा एएमडीने वगळला. ६०० वरून थेट ८०० म्हटल्यावर कुणालाही वाटेल की दोन पिढ्यांचा फरक असेल.

प्रत्यक्षात दोन्हींवरची चिपसेट चिप एकच आहे. तिचं आतलं नाव 'प्रोमोंटरी २१', आणि ती एएसमीडिया या तैवानच्या कंपनीने बनवलेली. दोन्हींना सॉकेट तेच एएम५, रॅम तीच डीडीआर५, प्रोसेसर तेच: रायझन ७०००, ८००० आणि ९००० मालिका. ओव्हरक्लॉकिंग दोन्हींवर चालतं.

मग नंबर का बदलला? कारण नंबर म्हणजे फक्त चिप नव्हे. एएमडी बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांना एक नियमावली देते: हा नंबर छापायचा असेल तर किमान अमुक गोष्टी द्याव्याच लागतील. बी८५० मध्ये ती किमान अट वाढवली आहे. चिप जुनीच, अट नवी. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

मग फरक नक्की कुठे आहे?

फरक मुख्यतः पीसीआयईच्या पिढीत आहे. पीसीआयई म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी ज्या रस्त्याने प्रोसेसरशी बोलतात तो रस्ता. प्रत्येक नव्या पिढीत त्या रस्त्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

नियमावली थोडक्यात अशी:

• बी६५०: ग्राफिक्स स्लॉट ४.० पिढीचा. एसएसडीचा स्लॉट ४.० चा, कंपनीला वाटलं तर ५.० चा.
• बी६५०ई: ग्राफिक्स आणि एसएसडी दोन्ही ५.० चे.
• बी८५०: एसएसडीचा एक स्लॉट ५.० चा हवाच. ग्राफिक्स स्लॉट मात्र ४.० चा चालतो, ५.० चा दिला तर उत्तम.

शेवटची ओळ परत वाचा. बी८५० आहे म्हणून ग्राफिक्स स्लॉट ५.० चाच असेल असं नाही. मावसभावाने पाठवलेल्या दोन बोर्डांचं स्पेसिफिकेशनचं पान उघडून बघितलं तर दोघांचाही ग्राफिक्स स्लॉट ४.० चाच निघाला. आणि त्याला वाटत होतं की जास्तीचे पैसे त्यासाठीच आहेत.

उलट गंमत बघा. २०२२ चा एखादा बी६५०ई बोर्ड कागदावर २०२५ च्या स्वस्त बी८५० पेक्षा सरस ठरतो. म्हणजे नंबर लहान, पण रस्ता रुंद.

ग्राफिक्ससाठी ५.० लागतं का?

सोळा लेनचा ४.० स्लॉट एका दिशेने सेकंदाला साधारण ३२ जीबी डेटा नेतो, ५.० चा साधारण ६४ जीबी. ऐकायला दुप्पट. पण गेम खेळताना कार्ड बहुतेक वेळ स्वतःच्या मेमरीतूनच काम करतं, त्यामुळे हा रस्ता क्वचितच पूर्ण भरतो. अगदी महागड्या कार्डांच्या चाचण्यांतही ४.० आणि ५.० मधला फरक एक-दोन टक्क्यांच्या आसपासच दिसतो.

एक अपवाद मात्र आहे, आणि तो आपल्या बजेटमधलाच आहे. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डं सोळा नाही, आठच लेन वापरतात. त्यात ८ जीबीवालं कार्ड असेल आणि गेमने ती मेमरी भरून टाकली, तर उरलेला डेटा सिस्टीमच्या रॅममधून त्या आठ लेनवरून ये-जा करायला लागतो. तेव्हा रस्त्याचा वेग जाणवतो, गेम अडखळतो. ४.० च्या बोर्डवर थोडा जास्त, ५.० वर थोडा कमी.

पण यावरचा इलाज बोर्ड नाही. इलाज आहे जास्त मेमरीचं कार्ड. मेमरी भरलीच नाही तर रस्त्याचा प्रश्नच येत नाही. बोर्डवर चार हजार जास्त घालून ८ जीबीचं कार्ड घेण्यापेक्षा साधा बोर्ड घेऊन ते पैसे १६ जीबीच्या कार्डाकडे वळवणं कधीही शहाणपणाचं. मावसभावाचं कार्ड १६ जीबीचं आणि सोळा लेनचं आहे, त्यामुळे त्याला ही काळजीच नाही.

अजून एक. सध्या बरेच जण ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी घेऊ म्हणून आधी रायझन ५ ८५००जी किंवा ८६००जी घेतात, कारण त्यात बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच आहे. या प्रोसेसरना पीसीआयई ५.० मुळात येतच नाही. वर ग्राफिक्स स्लॉटला ८६००जी आठच लेन देतो आणि ८५००जी फक्त चार. अशा प्रोसेसरसोबत ५.० चा बोर्ड घेणं म्हणजे गल्लीत चालवायला रेसिंग बाईक घेण्यासारखं आहे.

एसएसडीसाठी ५.० लागतं का?

४.० ची चांगली एसएसडी सेकंदाला साधारण ७,००० एमबीपर्यंत वाचते. ५.० ची सगळ्यात वेगवान १४,००० च्या पुढे जाते. आकडे भारी आहेत, पण विंडोज सुरू होणं, गेम लोड होणं, क्रोम उघडणं या कामांत फरक सेकंदभराचाही पडत नाही. तिथे अडथळा एसएसडीच्या वेगाचा नसतो, प्रोसेसर आणि सॉफ्टवेअर मध्ये येतात.

फरक कुणाला पडतो? जो रोज शेकडो जीबीच्या व्हिडिओ फाइल्स एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवतो, किंवा स्वतःच्या मशीनवर मोठी एआय मॉडेल्स लोड-अनलोड करतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा असाल आणि दोन्ही ड्राइव्ह ५.० चे घेणार असाल तर बोला. पण रॅमबरोबर एसएसडीही महागलेल्या असताना ५.० चा ड्राइव्ह तुमच्या यादीत नसेलच, तर त्याच्यासाठी रिकामा स्लॉट विकत घेऊन काय करणार? "पुढे कधीतरी घेईन" हे वाक्य आपण सगळेच बोलतो. मीही बोललो होतो.

जाहिरातीत नसलेली गोष्ट: वीज आणि उष्णता

आता जिथे खरंच लक्ष द्यायला हवं तिकडे येऊ. प्रोसेसरच्या आजूबाजूला बोर्डवर छोटे चौकोनी भाग असतात, बऱ्याचदा हीटसिंकखाली झाकलेले. याला व्हीआरएम म्हणतात. एसएमपीएसमधून येणारी १२ व्होल्टची वीज प्रोसेसरला झेपेल अशी सव्वा व्होल्टच्या आसपास आणणं हे त्याचं काम. काम करताना ते तापतं. फार तापलं की बोर्ड स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो.

चिपसेटचा नंबर आणि व्हीआरएमचा दर्जा यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. जरा वरच्या मालिकेतला बी६५० बोर्ड हा सगळ्यात स्वस्त बी८५० पेक्षा व्हीआरएममध्ये खूप चांगला असू शकतो.

किती चांगला हवा, हे प्रोसेसर ठरवतो. रायझन ५ ९६००एक्स मूळ सेटिंगवर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो. तेवढं साधा बोर्डही आरामात देतो. रायझन ७ ९८००एक्स३डी ची मर्यादा १६२ वॅट, आणि रायझन ९ ९९५०एक्स ची २३० वॅट. शेवटचा घेणार असाल तर व्हीआरएमवर हीटसिंकच नसलेला बोर्ड घेऊ नका, मग त्याच्या नावात कितीही मोठा आकडा असो.

परदेशातले रिव्ह्यू बघताना एक लक्षात ठेवा. ते साधारण वीस-बावीस अंशांच्या खोलीत चाचणी करतात. नागपूर, अकोला, जळगावकडे मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेल्या कॅबिनेटची गोष्ट वेगळी. खोलीच ३८-४० अंशांना असेल तर व्हीआरएमचं तापमानही तेवढ्याच अंशांनी वर सरकतं. रिव्ह्यूमध्ये "८० अंश, ठीक आहे" म्हटलेलं आपल्याकडे शंभरच्या जवळ जाऊ शकतं. त्यामुळे विदर्भ-खानदेशातल्या वाचकांनी हीटसिंक आणि कॅबिनेटच्या पंख्यांना जास्त मार्क द्यावेत, चिपसेटच्या नंबराला कमी.

रॅमचे आकडे: ८००० चा मोह

बी८५० बोर्डांच्या बॉक्सवर "डीडीआर५ ८०००+" असं ठळक लिहिलेलं असतं. बी६५० वर आकडा कमी असतो. पण रायझनमधला मेमरी कंट्रोलर साधारण ६००० ते ६४०० पर्यंतच रॅमच्या बरोबरीने, म्हणजे एकास एक चालतो. त्याच्या वर गेलं की तो अर्ध्या वेगावर येतो आणि मिळवलेलं बरंचसं परत जातं. म्हणून रायझनसाठी ६००० ची रॅम ही सगळ्यात योग्य समजली जाते. ती दोन्ही बोर्डांवर चालते. ८००० ची रॅम आजच्या भावात घ्यायला निघालेला माणूस हा लेख वाचतही नसेल.

त्यापेक्षा स्लॉट दोन आहेत की चार, हे बघा. आणि इथेही एक गोम आहे. चार स्लॉट असले तरी चारही भरले की एएमडीचा अधिकृत वेग थेट ३६०० वर येतो. त्यामुळे "आत्ता ८-८ च्या दोन काड्या, नंतर अजून दोन" हा जुना हिशोब डीडीआर५ मध्ये जमत नाही. रॅम महाग असल्याने अनेक जण सध्या १६ जीबीची एकच काडी टाकून सुरुवात करतात. गेममध्ये त्याने मार बसतो, पण पुढे तशीच दुसरी काडी टाकता येते, आणि त्यासाठी दोन स्लॉटचा बोर्डही पुरतो. फक्त पहिल्या काडीचा नेमका मॉडेल नंबर लिहून ठेवा. वेगळ्या काड्यांची जोडी जमेलच याची हमी नसते.

वाय-फाय ७ चं काय?

अनेक बी८५० बोर्डांवर वाय-फाय ७ येतं, बी६५० वर बहुतेक ६ किंवा ६ई. ६ई आणि ७ यांची खरी ताकद ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात आहे. भारतात हा पट्टा वाय-फायसाठी बराच काळ खुलाच नव्हता. मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने त्यातला खालचा ५०० मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा काढला. पण तुमच्या घरातला राउटर तो पट्टा वापरत नसेल तर बोर्डवरचं वाय-फाय ७ नुसतं नावाला. १०० किंवा २०० एमबीपीएसच्या कनेक्शनला वाय-फाय ६ सुद्धा भरपूर होतं. आणि टेबलपर्यंत केबल येत असेल तर वाय-फाय नसलेला बोर्ड घेऊन अजून पैसे वाचवा.

जुना बोर्ड पुढच्या प्रोसेसरला चालेल का?

मावसभावाचा पुढचा प्रश्न हाच होता. "दादा, तीन वर्षांनी प्रोसेसर बदलायचा झाला तर?"

एएमडीने एएम५ सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवू असं २०२४ मध्ये सांगितलंय. आता आधीच्या एएम४ चा इतिहास बघा. मे २०२० मध्ये एएमडीने आधी सांगितलं की रायझन ५००० हे बी४५० बोर्डांवर चालणार नाही. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की दोन आठवड्यांच्या आत कंपनीने निर्णय फिरवला. २०२२ मध्ये तर त्याहूनही जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांना हे प्रोसेसर चालायला लागले.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, कंपनीचा शब्द बदलू शकतो, दोन्ही दिशांनी. दोन, अडचण चिपसेटच्या नंबरापेक्षा बायोसची असते: बोर्डवरच्या बायोस चिपमध्ये जागा किती आणि कंपनी नवीन अपडेट किती वर्षं देते. बी६५० आणि बी८५० ची चिप एकच असल्यामुळे फक्त नंबर बघून एकाला बाहेर ठेवायला तांत्रिक कारण उरत नाही. त्यामुळे बोर्डच्या सपोर्ट पानावर जा आणि शेवटचा बायोस कधी आला ते बघा. गेल्या दोन-तीन महिन्यांत आला असेल तर कंपनी त्या बोर्डला विसरलेली नाही.

बायोसची दुसरी बाजू आजच लागू पडते. रायझन ९००० आला ऑगस्ट २०२४ मध्ये. त्याआधी कारखान्यातून निघून दुकानात धूळ खात पडलेला बी६५० बोर्ड हा प्रोसेसर ओळखणारच नाही. सगळं जोडाल, बटण दाबाल, पंखे फिरतील आणि स्क्रीन काळी. बी८५० चा इथे सरळ फायदा आहे: तो ९००० नंतरच आला, त्यामुळे बॉक्समधून काढून चालतो.

यावर उपाय म्हणजे बायोस फ्लॅशबॅक. मागच्या बाजूला एक छोटं बटण असतं. प्रोसेसर, रॅम काहीही न लावता पेनड्राइव्हवर फाइल टाकून बायोस अपडेट करता येतो. बी६५० घेणार असाल तर हे बटण असलेलाच घ्या. आणि अपडेट कराच. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर काही बोर्डांवर जास्त व्होल्टेजमुळे जळाल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यानंतर एएमडीने बायोसमधून एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्याआधीचा बायोस बोर्डवर असेल तर ती मर्यादा तुमच्याकडे नसेल.

एक धीराचा सल्लाही देतो. डीडीआर५ मध्ये पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची चाचपणी करतो, आणि त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. चहा करून या. घाबरून लगेच बंद करू नका.

नावातले सापळे

ऑनलाइन शोधताना तीन नावं गोंधळ घालतात.

• बी८४०: एका आकड्याचा फरक, पण वेगळीच चिप. चिपसेटकडून येणारे स्लॉट ३.० पिढीचे आणि प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग नाही. "बी८५० पेक्षा थोडासा कमी" असं समजून घेऊ नका. बऱ्याच बाबतीत तो बी६५० च्याही खाली आहे.
• बी८६०: हा इंटेलचा. रायझन यात बसणारच नाही.
• नावाच्या शेवटची अक्षरं: 'एम' म्हणजे लहान आकाराचा मायक्रो एटीएक्स बोर्ड. 'वाय-फाय' लिहिलेलं नसेल तर बऱ्याचदा वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही नसतात.

आणि एक्स८७० वर जाऊ का, असं विचारणाऱ्यांसाठी: त्यातही तीच प्रोमोंटरी २१ आहे. वर यूएसबी४ सक्तीचं. तुमच्याकडे यूएसबी४ चं काही उपकरण नसेल तर विसरा.

दुकानात गेल्यावर

लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, एक गोष्ट कराच. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नाहीत, बोर्डच्या सॉकेटमध्ये आहेत, १,७१८ बारीक पिना. त्यातली एक वाकली तरी रॅमचा स्लॉट मरू शकतो किंवा बोर्ड सुरूच होत नाही. आणि वाकलेली पिन वॉरंटीत सहसा बसत नाही, ती तुमचीच चूक धरली जाते. म्हणून दुकानातच झाकण उघडून मोबाईलच्या टॉर्चने सॉकेट बघा आणि फोटो काढा. ऑनलाइन मागवला तर बॉक्स उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. फोन तर हातातच असतो.

जीएसटी बिलावर सीरियल नंबर आहे का बघा. मोठ्या ब्रँडच्या बोर्डांना आपल्याकडे बहुतेक तीन वर्षांची वॉरंटी असते. तुमच्या जवळ सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे आधी शोधा. कोल्हापूरहून बोर्ड कुरिअर करून तीन आठवडे वाट बघायची असेल तर तोही किमतीचाच भाग आहे.

मग घ्यायचा कोणता?

माझा हिशोब असा.

दोन सारख्या बोर्डांत फरक हजार-दीड हजारांचा असेल तर बी८५० घ्या. बायोसची कटकट नाही, वाय-फाय नवीन, आणि बोर्ड नुकताच आल्यामुळे अपडेट जास्त काळ मिळण्याची शक्यता. एवढ्यासाठी तेवढे पैसे ठीक आहेत.

फरक तीन-चार हजारांचा असेल तर बी६५०, तीन अटींवर: बायोस फ्लॅशबॅक हवं, व्हीआरएमवर हीटसिंक हवा, सपोर्ट पानावर ताजा बायोस हवा. तीनपैकी एकही नसेल तर तो बोर्ड सोडा.

फरक कितीही असो, ५.० ची एसएसडी याच बिलात असेल आणि काम मोठ्या फाइल्सचं असेल तर बी८५०, नाहीतर ५.० स्लॉटवाला बी६५०ई शोधा.

८५००जी किंवा ८६००जी घेणाऱ्यांनी तर विचारच करू नये. बी६५०.

मावसभावाच्या बी६५० मध्ये तीनही अटी बसत होत्या. मग त्याची बाकीची यादी बघितली, तर खरी गडबड तिथे सापडली. बोर्डला चार हजार जास्त द्यायला निघालेल्या या माणसाने एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत फुकट येणारा धरला होता! ना नाव, ना सर्टिफिकेट. अख्ख्या मशीनला वीज देणारा भाग तो, आणि गावाकडे लाइटचा खेळ आपल्याला माहीतच आहे. वाचलेले ४,२०० रुपये तिकडे वळवले. आता यादीत ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ आणि पाच वर्षं वॉरंटीचा एसएमपीएस आहे.

त्याचा रिप्लाय आला, "पण दादा, मित्र म्हणतील जुना बोर्ड घेतला."

म्हटलं, मित्रांना विचार, त्यांच्या बी८५० मध्ये ग्राफिक्स स्लॉट ४.० आहे की ५.०. बघ किती जणांना सांगता येतंय.